तेहतिसाव्या वर्षीची उमेदवारी

विद्येचे वय कोणते, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर ठरून गेलेले आहे असे धरूनच आपण चालतो. आठव्या वर्षी मुंज, सोळाव्या-सतराव्या वर्षी शाळा संपावयाची, बाविशीच्या आत पदवी, आणि पुढे संसार. या वेळापत्रकात जो बसला नाही त्याची गाडी चुकली. पुरुषाने पस्तिशीत एखादी परीक्षा दिली तर लोक त्याच्या चिकाटीचे कौतुक करतात. परंतु दोन मुलांची आई वह्या-पुस्तके घेऊन घराबाहेर पडली की शेजारीण दुसऱ्या शेजारणीस विचारते, ‘या वयात हिला हे काय सुचले?’ असे बोलणारी माणसे दुष्ट नसतात. चुलीपाशी बसलेल्या बाईचे शिकणे राहिले ते तिच्याच हयगयीमुळे राहिले, असे त्यांना मनापासून वाटत असते, इतकेच.

आज ज्या बाईची हकीकत मी सांगणार आहे ती आपल्या देशातली नव्हे. अमेरिकेतील बोस्टन शहरात १८७८ सालच्या मार्च महिन्यात एका रुग्णालयाच्या परिचारिका-वर्गात तिचे नाव दाखल झाले. तिचे तेहतिसावे वर्ष चालू होते. त्या इमारतीत ती नवखी नव्हती. सुमारे पंधरा वर्षे त्याच रुग्णालयात तिने स्वयंपाक केला होता, धुणी धुतली होती, फरशा पुसल्या होत्या, आणि हाताखाली माणूस कमी पडले की रोग्यांच्या खाटेपाशी उभे राहून पडेल ते कामही केले होते. तिचे नाव मेरी एलिझा महोनी. रीतसर शिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळविलेली अमेरिकेतील पहिली कृष्णवर्णीय परिचारिका म्हणून इतिहासग्रंथांत तिची नोंद असते, आणि ती योग्यच आहे. पण या ‘पहिली’ शब्दाच्या झगमगाटात तिच्या वयाकडे कोणी थांबून पाहत नाही. मला आज तिथेच थोडे थांबावयाचे आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. परिचर्येच्या धंद्यात प्रौढ वय हा आरंभी दोष मानलेला नव्हता. उलट ती एक पात्रता होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पगारी नर्स म्हणजे कोण, हे ज्यांनी डिकन्सची ‘मार्टिन चझलविट’ ही १८४३-४४ मधील कादंबरी वाचली असेल त्यांना सांगावयास नको. त्यातील मिसेस गँप ही नर्सबाई रोग्यापेक्षा बाटलीची काळजी अधिक घेते. चित्र अतिशयोक्तीचे आहे. कादंबरीकाराला तेवढी मुभा असते. परंतु कुलीन घरातील मुलीने या धंद्यात जाऊ नये असे लोकांना का वाटे, ते त्यावरून कळते. म्हणून ज्यांना हा धंदा सुधारावयाचा होता त्यांनी पोक्त, स्थिरबुद्धीच्या, संसाराचे टक्केटोणपे पाहिलेल्या बायका शोधावयास प्रारंभ केला.

अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले तेव्हा उत्तरेकडील सैन्याच्या परिचारिकांची प्रमुख म्हणून डोरोथिया डिक्स या बाईंची नेमणूक झाली. बाई स्वतः साठीकडे झुकलेल्या, आणि स्वभावाने मोठ्या करड्या. त्यांनी पहिली अट घातली ती वयाची. तिशीच्या आतील बाई नको. पुढे १८६२ च्या परिपत्रकात तर पस्तीस ते पन्नास ही मर्यादा आली. दिसावयास साधी असावी, कपडे तपकिरी, राखी किंवा काळे असावेत, अंगावर दागिना नसावा. लुइझा मे अल्कॉट ही लेखिका, जिची ‘लिटल वुमेन’ आपण शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’तून घरोघरी वाचली, ती १८६२ च्या नोव्हेंबरात तीस वर्षांची झाली आणि डिसेंबरात वॉशिंग्टनजवळच्या लष्करी रुग्णालयात रुजू झाली. सहा आठवड्यांतच विषमज्वराने तिला घरी परतावे लागले, हा भाग वेगळा.

इंग्लंडातही तेच. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव घेतले की दिवा हातात घेतलेली एक तरुण मूर्ती आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु पंचविसाव्या वर्षी त्यांनी रुग्णालयात जाऊन शिकावयाची गोष्ट काढली तेव्हा घरात जो हलकल्लोळ झाला त्याने तो बेत मोडला. ऱ्हाइन नदीकाठच्या कैझर्सवेर्थ येथील संस्थेत त्यांना तीन महिने शिकावयास मिळाले ते १८५१ साली, म्हणजे एकतिसाव्या वर्षी. मधली सहा वर्षे त्या आईच्या दिवाणखान्यात पाहुण्यांना चहा देत, आणि पहाटे उठून, घरच्यांच्या नकळत, सरकारी आरोग्य-अहवाल वाचीत. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली त्यांच्या नावाची शाळा निघाली तेव्हा उमेदवार स्त्रीचे इष्ट वय पंचवीस ते पस्तीस असे नियमात लिहिलेले होते. म्हणजे आपल्या हिशेबाने जिची गाडी चुकली, तिच्याचसाठी ही शाळा होती.

मग ही मर्यादा खाली का येत गेली? माझ्या मते याचे उत्तर अध्यापनशास्त्रात नाही, ते हिशेबाच्या वहीत आहे. परिचारिकांच्या शाळा रुग्णालयांना जोडल्या गेल्या आणि रुग्णालयचालकांच्या लवकरच लक्षात आले की विद्यार्थिनी म्हणजे अत्यंत स्वस्त मनुष्यबळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील रुग्णालयांत खाटांपाशीचे बहुतेक काम विद्यार्थिनीच करीत. शिकून तयार झालेल्या परिचारिकेस तेथे जागा क्वचितच मिळे, तिने खाजगी घरी जाऊन पोट भरावे अशी रीत होती. दिवसाचे पंधरा-सोळा तास राबावयाचे आणि उलट उत्तर द्यावयाचे नाही, असा मामला म्हटल्यावर कोवळे वय सोयीचेच. पस्तिशीची बाई प्रश्न विचारते.

आता आपण बोस्टनला येऊ. तेथे १८६२ साली ‘न्यू इंग्लंड हॉस्पिटल फॉर विमेन अँड चिल्ड्रन’ या नावाने स्त्रियांचे व मुलांचे रुग्णालय निघाले. काढणारी बाई होती मारी झाक्शेव्स्का, बर्लिनमध्ये जन्मलेली, तेथील शारिटे रुग्णालयात सुईणीचे शिक्षण घेतलेली. बर्लिनमध्ये स्त्रीला वरच्या जागेवर पाहण्याची पुरुष डॉक्टरांची तयारी नव्हती म्हणून ती १८५३ साली अमेरिकेत आली आणि तीन वर्षांनी क्लीव्हलंड येथे डॉक्टर झाली. तिच्या रुग्णालयाचा बाणा असा, की रोगी स्त्रिया आणि तपासणाऱ्या डॉक्टरही स्त्रियाच. दहा वर्षांनी, १८७२ साली, त्यात परिचारिकांचा रीतसर वर्ग सुरू झाला. तो उभारला डॉ. सुझन डिमॉक हिने. झ्युरिचला वैद्यक शिकून आलेली ही पंचविशीची डॉक्टर पुढे तीनच वर्षांत, १८७५ साली, युरोपला जाताना इंग्लंडच्या नैर्ऋत्येस सिली बेटांजवळ ‘शिलर’ जहाज फुटले त्यात बुडून गेली.

या वर्गात सर्वांत आधी नाव घातले लिंडा रिचर्ड्स हिने. तीही एकतीस वर्षांची. लहानपणी क्षयी आईची शुश्रूषा केलेली, पुढे शाळेत शिकविलेले, ज्याच्याशी लग्न ठरले होते तो तरुण युद्धातील जखमांनी खंगत जाऊन १८६९ साली गेलेला. तिने १९११ साली आपल्या आठवणी छापल्या, म्हणून त्या वर्गातील दिनक्रम आपल्याला कळतो. पहाटे साडेपाचला उठावयाचे ते रात्री नऊला अंथरुणावर पडावयाचे. पण पडणे म्हणजे झोप नव्हे. विद्यार्थिनीची खोली दोन वॉर्डांच्या मध्ये, आणि तिच्याकडे सोपविलेल्या सहा रोग्यांपैकी कोणी रात्री हाक मारली तर उठावयाचे तिनेच. पंधरवड्यातून एक दुपार मोकळी, दोन ते पाच. पाठ्यपुस्तके नव्हती. व्याख्याने वर्षातून बारा. औषधाच्या बाटल्यांवर नावे नसत, आकडे असत. रोग्याला आपण काय पाजतो आहोत हे शिकणारीस कळू नये, अशी त्यामागची दृष्टी. वर्षभराने, १८७३ साली, तिला प्रमाणपत्र मिळाले आणि अमेरिकेतील पहिली शिक्षित परिचारिका हे बिरुद तिच्याकडे गेले. पुढे जपानात क्योटोला जाऊन तिने परिचारिकांची शाळा काढली. ती कथा फार सुरस आहे, पण आजचा विषय तो नाही.

लिंडा रिचर्ड्स त्या खोलीत झोपत होती, तेव्हा त्याच रुग्णालयात मेरी महोनी धुण्याच्या टबापाशी उभी होती.

मेरीचा जन्म १८४५ सालचा. तिचे आईबाप उत्तर कॅरोलिना या दक्षिणेकडील राज्यातले. तेथे गुलामगिरी होती. ते दास्यातून मुक्त झालेले होते आणि मॅसॅच्युसेट्ससारख्या मोकळ्या राज्यात येऊन राहिले. १८५५ साली मॅसॅच्युसेट्सने शाळांतील वर्णभेद कायद्याने बंद केला, आणि दहा वर्षांची मेरी बोस्टनच्या फिलिप्स शाळेत गोऱ्या मुलींच्या शेजारी बसू लागली. म्हणजे अक्षरओळख होती, बुद्धी होती. सुमारे अठराव्या वर्षी ती नुकत्याच निघालेल्या त्या रुग्णालयात कामाला लागली. ते रुग्णालय आणि ती एकदमच मोठी झाली असे म्हटले तरी चालेल. ज्या १८६३ सालाच्या पहिल्या दिवशी लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा अंमलात आला, त्याच सुमारची ही गोष्ट. जाहीरनाम्याने दक्षिणेतील गुलामाची बेडी तोडली; उत्तरेतील मोकळ्या मुलीसाठी मात्र स्वयंपाकघर आणि धुण्याची खोली हीच दोन दारे उघडी होती.

रुग्णालयाचा वर्ग निघाला १८७२ मध्ये. मेरीचे वय तेव्हा सत्तावीस. आत शिरावयास तिला आणखी सहा वर्षे लागली. त्या संस्थेच्या नियमांत वर्षाला एक नीग्रो आणि एक ज्यू विद्यार्थिनी घ्यावी अशी तरतूद असल्याचे सांगतात. त्या काळच्या मानाने हे औदार्यच होते, कारण इतर बहुतेक शाळांत एकही नाही, हा नियम होता. पण उदार माणसाचेही औदार्य किती मोजून-मापून असते पाहा. आणि दुसरा नियम वयाचा: उमेदवार सशक्त, चांगल्या चारित्र्याची, आणि एकवीस ते एकतीस वर्षांची असावी. मेरी या चौकटीबाहेर गेलेली होती.

तरी तिला घेतले. पंधरा वर्षे जिला पाहिले होते, जिच्या हाताची स्वच्छता आणि जिचा मिताहारी, मितभाषी स्वभाव डॉक्टरीणबाईंना ठाऊक होता, तिच्यासाठी दोन वर्षांचा नियम कोणीतरी वाकविला असावा असा तर्क तिचे चरित्रकार करतात, आणि तो मला पटतो. परंतु या तर्काची दुसरी बाजूही बोलून दाखविली पाहिजे. जी बाई इतकी विश्वासाची होती, तिला सत्ताविसाव्या वर्षी, नियमात बसत असताना, कोणी बोलाविले नाही. सहा वर्षांनी तिचे वय झाले म्हणून अपवाद करावा लागला. त्या सहा वर्षांचा जबाब तिच्याकडून घेण्यात काय अर्थ? ‘या वयात हिला हे काय सुचले’ असे विचारणारांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. सुचले आधीच असावे. जागा नंतर मिळाली.

वर्ग सोळा महिन्यांचा होता. पहिले बारा महिने रुग्णालयातच, आळीपाळीने वैद्यकीय, शस्त्रक्रियेच्या आणि बाळंतिणींच्या वॉर्डांत. अखेरचे चार महिने बाहेर, लोकांच्या घरी जाऊन. मोबदला आठवड्यास एक ते चार डॉलर. एकवीस वर्षांच्या, बापाच्या घरी राहणाऱ्या मुलीस ही रक्कम खाऊच्या पैशासारखी वाटली असेल. स्वतःच्या श्रमावर पोट भरणाऱ्या बाईने मात्र असल्या मोबदल्यावर सोळा महिने काढावयाचे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागणेच. प्रौढपणी शिकणाराला बुद्धीची अडचण क्वचितच असते. अडचण असते ती ही. वीस वर्षांच्या मुलाचे शिक्षण कोणीतरी दुसरा पोसतो. तिशी उलटलेल्या माणसाला आपले शिक्षण आपणच पोसावे लागते, आणि बहुधा त्याच वेळी घरची आणखी चार माणसेही.

अंगाने मेरी किरकोळ होती. उंची पाच फुटांच्या आसपास, वजन नव्वद पौंडांच्या घरात. त्या वर्षीच्या चाळीसेक उमेदवारांपैकी अखेरपर्यंत टिकून प्रमाणपत्र हाती पडले ते अवघ्या चौघींच्या; त्यांत मेरी एक. तारीख १ ऑगस्ट १८७९. आपल्या आनंदीबाई जोशी वैद्यक शिकावयास फिलाडेल्फियास निघाल्या त्याच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट.

बाकीच्या का गळल्या? त्यांत आळशी किंवा मंद मुली असतील असे मानण्याचे कारण नाही. मला असे दिसते की रुग्णालय म्हणजे काय, याची ज्यांनी कल्पना केली होती त्यांना पहिल्या महिन्यातच धक्का बसला असला पाहिजे. रक्ताने भिजलेली चादर, पू, उलटी, शौचाची भांडी, पहाटे तीनला मरणाऱ्या बाईचा हात. मेरीला यातले काहीच नवे नव्हते. ती चादर तिने पंधरा वर्षे धुतली होती. कोणत्या रोग्याला पेज चालते आणि कोणाला नुसता रस, हे तिला चुलीपाशी कळले होते. आपण ज्याला वाया गेलेली वर्षे म्हणतो ती तिची पूर्वतयारीची वर्षे ठरली. अर्थात ही गोष्ट फार गोड करूनही सांगू नये. धुणे धुणे हे परिचर्येचे शिक्षण आहे, म्हणून बायकांना आधी पंधरा वर्षे धुणे धुवावयास लावावे, असा निष्कर्ष काढणारेही पंडित निघतील.

प्रमाणपत्रानंतर महोनीबाईंनी खाजगी परिचारिका म्हणून नाव नोंदविले. बोस्टनच्या वैद्यकीय ग्रंथालयात परिचारिकांची एक नामावली ठेवलेली असे. डॉक्टरने किंवा गृहस्थाने तेथे चौकशी करून नर्स बोलवावी, आणि काम संपल्यावर तिच्याविषयी शेरा कळवावा. बाईंविषयीचे शेरे उत्तम आले, आणि बोलावणी बोस्टनबाहेरूनही येऊ लागली. न्यू जर्सी, वॉशिंग्टन, आणि ज्या उत्तर कॅरोलिनातून आईबाप बाहेर पडले होते तेथूनसुद्धा. बोलावणारी घरे बहुतेक श्रीमंत गोऱ्यांची.

या घरांतील एक बारीकशी गोष्ट मला फार बोलकी वाटते. कृष्णवर्णीय नर्स घरात आली की यजमानीण तिला सहजपणे मोलकरणीत धरी. रोग्याचे अंथरूण घालून झाले की भांडी घास, मुलांचे कपडे धू. महोनीबाई घरातील नोकरांच्या पंगतीला जेवावयास बसत नसत. त्या स्वयंपाकघरात एकट्याच जेवत. वरवर पाहणाऱ्यास हा गर्व वाटेल; ज्या बाईने स्वतः पंधरा वर्षे स्वयंपाक केला तिने स्वयंपाकिणीबरोबर जेवू नये? परंतु त्यांना स्वयंपाकिणीचा तिटकारा असण्याचे कारणच नव्हते. त्यांना रेघ ओढावयाची होती. तेहतिसाव्या वर्षी उमेदवारी करून जे मिळविले ते दुपारच्या जेवणाच्या पाटावर पुसले जाऊ नये, एवढीच ती धडपड. आपल्याकडे पंक्तीचे राजकारण ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे जास्त समजावून सांगावयास नको.

याच धंद्यात त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे काढली. पुढे १९०८ साली मार्था फ्रँकलिन या परिचारिकेच्या पुढाकाराने न्यूयॉर्क येथे कृष्णवर्णीय पदवीधर परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. अनेक राज्यांत गोऱ्यांच्या संघटना त्यांना जवळ करीत नव्हत्या. दुसऱ्या वर्षी, १९०९ च्या ऑगस्टात, या संघटनेचे पहिले अधिवेशन बोस्टनला भरले आणि स्वागताचे भाषण महोनीबाईंनी केले. चौसष्ट वर्षांची वृद्धा आणि समोर पंचविशीतिशीच्या मुली. परिचारिकांच्या शिक्षणात अजूनही कृष्णवर्णीय मुलींना बरोबरीची संधी नाही, हे त्या बोलल्या. ज्या शाळेने त्यांना शिकविले तिच्याविषयी कृतज्ञता बाळगूनही हे बोलता येते, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. जाता जाता या मार्था फ्रँकलिनविषयीही एक सांगतो: साठीच्या उंबरठ्यावर, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, या बाई कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात पुन्हा विद्यार्थिनी होऊन बसल्या.

त्याच १९०९ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या २ तारखेस पुण्यात सेवासदनची स्थापना झाली. बोस्टनच्या अधिवेशनाशी तिचा काही एक संबंध नाही. दोन्हीकडच्या बायकांना एकमेकींची नावेही ठाऊक नसतील. परंतु इतिहासात असे योग येतात आणि ते शेजारी ठेवून पाहिले म्हणजे काही गोष्टी उजळतात. रमाबाई रानडे स्वतः लग्न होऊन सासरी आल्यावर अक्षरे शिकल्या. १९०१ साली न्यायमूर्ती गेले तेव्हा त्या चाळिशीच्या आतल्याच होत्या, आणि ज्या कामासाठी त्यांचे नाव आज आपण घेतो ते काम त्यांनी त्यानंतर उभे केले. सेवासदनात गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने त्यांनी प्रौढ स्त्रियांसाठी वर्ग काढले. तेथे येणाऱ्यांत विधवा पुष्कळ. कोणी पाटीवर अ-आ-इ पासून सुरुवात करी, कोणाला थोडेफार वाचता येई. यांतल्याच काहींना पुढे ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास पाठविण्याची व्यवस्था झाली.

ही व्यवस्था किती धाडसाची होती ते आज सहज ध्यानात येत नाही. ब्राह्मण घरातली विधवा. तिने परजातीच्या रोग्याला शिवावयाचे, पुरुषाच्या जखमेला हात लावावयाचा, मलमूत्राची भांडी उचलावयाची, आणि रात्रपाळीस घराबाहेर राहावयाचे. यांतील एकेक गोष्ट वाड्यातून बाहेर काढावयास पुरेशी होती. बोस्टनला कातडीचा रंग आड आला, येथे सोवळे आड आले. मात्र एक गंमत पाहण्यासारखी आहे. याच विधवेकडून घरात कोणत्या कामाची अपेक्षा असे? सासऱ्याचे दुखणे, जावेचे बाळंतपण, दिराच्या मुलाचा गोवर, सारे रात्रीचे जागरण तिच्याच वाट्याला. परिचर्या ती दहा-पंधरा वर्षे करीतच होती. तिला कोणी परिचारिका म्हटले नव्हते आणि त्याबद्दल कोणी दमडी दिली नव्हती. ससूनमध्ये तिने तेच काम शास्त्र समजून घेऊन केले आणि महिन्याच्या शेवटी हातात पगार घेतला, तेव्हा मात्र घराण्याची अब्रू गेली.

हे काम एकट्या संस्थांच्या बळावर होण्यासारखे नव्हते, हे स्वातंत्र्यानंतर राज्यकर्त्यांच्याही ध्यानात आले. केंद्रीय समाजकल्याण मंडळ १९५३ साली निघाले. दुर्गाबाई देशमुख त्याच्या अध्यक्षा. या मंडळाने १९५८ साली प्रौढ स्त्रियांसाठी शालेय शिक्षणाचे संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले. शाळा अर्धवट सुटलेल्या बाईने थोड्या काळात परीक्षेपर्यंत यावे, आणि मग शिक्षिका, ग्रामसेविका, नर्स, सुईण यांच्या शिक्षणवर्गात तिला प्रवेश मिळावा, अशी ती योजना. खेड्यांसाठी सेविका हव्या होत्या आणि शिकलेल्या मुली खेड्यात जावयास तयार नव्हत्या. तेव्हा खेड्यातल्याच, संसाराचा अनुभव घेतलेल्या बायका शिकवून घ्याव्या, असा सरळ व्यवहारी विचार. डोरोथिया डिक्सने पस्तीस ते पन्नास वयाच्या बायका मागितल्या त्यामागे याहून निराळे काय होते? तिलाही सुंदर शिष्या नको होत्या. रात्री बारा वाजता रक्त पाहून न डगमगणारे माणूस हवे होते.

महोनीबाईंची हकीकत आता थोडक्यात पुरी करतो. १९११ मध्ये त्या न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर कृष्णवर्णीय अनाथ मुलांच्या एका आश्रमाच्या प्रमुख म्हणून गेल्या आणि सुमारे वर्षभराने परत बोस्टनला आल्या. लग्न त्यांनी केले नाही. १९२० साली अमेरिकेतील स्त्रियांना मताचा हक्क मिळाला, तेव्हा बोस्टनमध्ये मतदार म्हणून नाव नोंदविण्यास जाणाऱ्या पहिल्या स्त्रियांत पंचाहत्तरी गाठलेल्या महोनीबाई होत्या. ४ जानेवारी १९२६ रोजी त्या वारल्या. दहा वर्षांनी त्यांच्या संघटनेने त्यांच्या नावाचे पदक सुरू केले, आणि १९५१ साली ही संघटना अमेरिकेच्या सर्वसाधारण परिचारिका-संघटनेत विलीन झाली तेव्हा ते पदकही तिकडे गेले. तेथे ते पुढे दिले जात राहिले.

त्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही. लिंडा रिचर्ड्सने लिहिले म्हणून पहाटे साडेपाचची घंटा आपल्याला ऐकू येते. मेरी महोनीने त्या सोळा महिन्यांत रात्री खोलीत एकटे पडल्यावर काय विचार केला, ते तिच्याबरोबरच गेले. बोस्टनजवळ एव्हरेट गावी वुडलॉन दफनभूमीत तिला पुरले. तिच्या नावाचे पदक मिळालेल्या एका परिचारिकेने पुढे खटपट केली, परिचारिकांच्या संघटनांनी पैसे जमविले, आणि १९७३ साली त्या थडग्यावर नीटसा दगड बसला.